अनोळखी पियानो पीसची ग्रेड कशी ओळखायची? विद्यार्थ्याला देण्याआधी काय काय बघायचं

पियानो शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पोराचं ग्रेडचं पुस्तक संपलंय, पुढची परीक्षा लांब आहे, तेच तेच क्लेमेंटी आणि फ्युर एलीझ त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही नकोसं झालंय, आणि तुम्ही आयएमएसएलपीवर (जुन्या संगीताच्या मोफत प्रतींची वेबसाइट) गुर्लिट, शामिनाद, ग्रेचानिनोव अशा कमी वाजवल्या जाणाऱ्या संगीतकारांचं काहीतरी शोधून काढलंय, ऐकायला फार छान आहे, पण हा पीस तिसरीचा का पाचवीचा (म्हणजे १ ते ८ मधली कुठली परीक्षेची ग्रेड, शाळेची इयत्ता नव्हे) हे कुठेच लिहिलेलं नाही. परीक्षेतल्या पीसचं काम बोर्डाने करून दिलेलं असतं, इथे आपल्यालाच करावं लागतं. आणि एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा बोर्डाच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार पीस वाजवायचे असतात, त्यातला चौथा हवा तर स्वतःच्या पसंतीचा घेता येतो, त्याला आधी मंजुरी लागत नाही पण तो त्या ग्रेडच्या लेव्हलचा किंवा वरचा असायला हवा. म्हणजे अंदाज चुकला तर त्याचा फटका थेट मुलाला बसणार, म्हणून हे जरा मन लावून करायची गोष्ट आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर पीसची लेव्हल त्यातल्या सगळ्यात अवघड चार-सहा बारवरून (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधले कप्पे) ठरते, आणि ते बार तुम्हाला नीट माहीत असलेल्या एखाद्या पीसशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाहीत. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी नावावर विसंबणं सोडा. लहान मुलांचं नाव असलेला पीस लहान मुलांसाठी असेलच असं नाही. शूमानचा ओपस (छापील रचना क्रमांक) ६८, म्हणजे मुलांसाठीचा अल्बम, १८४८ मध्ये त्याने आपल्या मोठ्या मुलीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने लिहायला घेतला आणि तो खरंच मुलांनी वाजवायचा आहे, पण त्याच शूमानचा ओपस १५, बालपणीची दृश्यं, १८३८ चा, तो मोठ्यांनी बालपण आठवून वाजवायचा आहे, त्यातली ट्रॉयमेराय एका पानाची आणि संथ आहे म्हणून चौथीच्या मुलाला दिली की काय होतं ते बऱ्याच जणांनी बघितलं असेल. डेब्युसीचा चिल्ड्रन्स कॉर्नर १९०८ चा, छोट्या मुलीला अर्पण केलाय, पण वाजवायला वरच्या ग्रेडचे हात लागतात. मोत्सार्टने के. ५४५ च्या सोनाटाची नोंद १७८८ मध्ये स्वतःच्या यादीत नवशिक्यांसाठी अशी केली होती, आणि आज आपण त्याचा पहिला भाग साधारण सहावीच्या आसपास धरतो.

तसंच एका संचाची एक लेव्हल असते हाही गैरसमज. बर्गम्युलरचा ओपस १०० घ्या, १८५१ चा, २५ एट्यूड, म्हणजे सरावाचे पीस. पहिला दुसऱ्या ग्रेडच्या मुलाला जमतो, शेवटचे चार-पाच पाचवीच्या जवळ जातात. शूमानच्या ओपस ६८ मध्ये तर त्याने स्वतःच दोन भाग पाडलेत, पहिले १८ लहानांसाठी, पुढचे सगळे थोड्या मोठ्यांसाठी, एकूण ४३. तेव्हा मुखपृष्ठावर सोपे, प्रोग्रेसिव्ह, तरुणांसाठी असं काहीही छापलेलं असो, प्रत्येक पीस वेगळा तपासायचा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. प्रिंट काढा, स्क्रीनवर करू नका, कारण पेन्सिलने खुणा करायच्या आहेत. वाजवायच्या आधी पीस शेवटून सुरुवातीकडे नजरेने वाचा. पहिली ओळ जवळजवळ नेहमीच फसवी असते, संगीतकार सुरुवातीला चाल मांडतो, तिथे सगळं मोकळं असतं, खरी गडबड मधल्या भागात जिथे सूर बदलतो तिथे, नाहीतर शेवटच्या पानावर जिथे सगळं भरगच्च होतं तिथे असते. जिथे जिथे काळं जास्त दिसतंय, शार्प-फ्लॅट अचानक वाढलेत, डावा हात ट्रेबल क्लेफमध्ये गेलाय, एकाच हातात नोट्सच्या दांड्या वर-खाली दोन दिशांना आहेत, तिथे खूण करा. अशा साधारण तीन जागा निघतील. त्यातली सगळ्यात वाईट जागा ही तुमची तपासणीची जागा.

मग ती जागा वाजवा, पण नुसती वाजवून सोपं वाटलं म्हणून पुढे जाऊ नका, कारण तुमचे हात गेली कित्येक वर्षं हे करतायत, तुम्हाला काय सोपं वाटतं यावरून दहा वर्षांच्या मुलाला काय वाटेल ते कळत नाही. त्याऐवजी त्या बारवर दोन्ही हातांचं फिंगरिंग (कुठल्या नोटवर कुठलं बोट) स्वतः लिहून काढा, प्रत्येक नोटवर. हे कंटाळवाणं काम आहे पण याच्याइतकं खरं उत्तर दुसरं कशातून मिळत नाही, कारण लिहिताना लगेच दिसतं की हात एकाच जागी राहतोय का, अंगठा किती वेळा खालून घालावा लागतोय, एकाच बारमध्ये हाताची जागा दोनदा बदलतेय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही हातांची जागा एकाच क्षणी बदलतेय का. एक हात बदलतोय आणि दुसरा स्थिर आहे हे दुसरी-तिसरीच्या मुलाला झेपतं. दोन्ही एकदम हलले की ते चौथीच्या वरचं समजायचं, आणि त्यात उडी असेल तर अजून वर.

पुढचं म्हणजे वेग, आणि हा नुसता अॅलेग्रो लिहिलंय म्हणून ठरवायचा नसतो, हिशोब करायचा. टेम्पो गुणिले एका ठोक्यातल्या नोट्स भागिले ६०. क्रॉचेट (एका ठोक्याची नोट) ६० ला सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याच्या नोट्स) असतील तर सेकंदाला ४ नोट्स, १२० ला ८. माझा अंदाज असा की सलग जाणाऱ्या नोट्स सेकंदाला ४ पर्यंत असतील तर तिसरीपर्यंतचा मुलगा नीट वाजवू शकतो, पाच-सहा म्हणजे पाचवीच्या आजूबाजूला, आठच्या पुढे गेलं की सातवी-आठवीचं काम. हा माझा रोजचा ठोकताळा आहे, कुठल्या बोर्डाचा नियम नव्हे, आणि सलग हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. बर्गम्युलरच्या अरबेस्कवर क्रॉचेट १५२ छापलंय, त्याचा हिशोब केला तर सेकंदाला १० च्या वर नोट्स होतात, जे ऐकून कुणीही हा पीस मुलांना देणार नाही, पण प्रत्यक्षात ती पाच नोट्सची छोटी धाव आहे, पाच बोटं पाच पट्ट्यांवर, मग श्वास घ्यायला जागा, आणि शिवाय त्या वेगाने तो जवळपास कुणीच वाजवत नाही, १०० ते ११० ला सुद्धा तो छान चमकतो. जुन्या आवृत्त्यांमधले मेट्रोनोमचे आकडे, चर्नीचे तर फारच, जसेच्या तसे धरायचे नाहीत. पीसचं रूप जिथे टिकतं तो सगळ्यात कमी वेग शोधायचा आणि त्यावर हिशोब करायचा.

याच्या उलट बाजू म्हणजे संथ पीस. आपल्याकडे पालकांना आणि खरं सांगायचं तर बऱ्याच टीचरनाही संथ म्हणजे सोपं असं वाटतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ग्रीगची आरिएटा, लिरिक पिसेसच्या पहिल्याच संचातली पहिली, ओपस १२ नंबर १, १८६७ ची. ई फ्लॅट मेजर, २/४, एकच पान, संथ. बघितलं की वाटतं तिसरीच्या मुलाला देऊन टाकू. पण नीट बघा, तीन थर आहेत, वर गाणं, खाली बेस, आणि मधे सेमीक्वेव्हरची मोडलेली कॉर्ड जी दोन्ही हातांत वाटून दिलीय. म्हणजे उजव्या हाताची करंगळी आणि चौथं बोट गाणं म्हणतायत, लांब धरून, आणि त्याच हाताची बाकीची बोटं त्याच्याखाली अगदी हळू आवाजात मधल्या थराची पूर्तता करतायत, आणि ती मधली ओळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कळता कामा नये. वर पेडल प्रत्येक हार्मनीबरोबर बदलायचं. नोट्स वाचायला चौथीच्या मुलाला येतील, पण पीस म्हणून ऐकवण्यासारखा व्हायला मी तो पाचवीच्या तयारीच्या मुलाला देईन. शूमानच्या ओपस ६८ मधला आनंदी शेतकरी सुद्धा असाच, नंबर १०, पहिल्या भागात डावा हात गातोय तोवर ठीक आहे, पण पुढे उजव्या हाताला तीच चाल आणि त्याच हातात कॉर्ड, ती जागा बघूनच ग्रेड ठरवायची.

आणि काही पीस ऐकायला भयंकर आणि हाताला सोपे असतात, ते शोधून काढणं हा तर आपल्या कामातला खरा आनंद. स्टीफन हेलरचा ओपस ४५ नंबर २, हिमस्खलन नावाने ओळखतात, ऐकताना वाटतं नोट्सचा लोंढा येतोय, पण धाव एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, दोन्ही हात एकाच वेळी फारसे धावत नाहीत, आणि त्यामुळे चौथी-पाचवीच्या मुलाला तो मिळाला की घरचे लोक थक्क होतात आणि मुलाची छाती फुगते. बाय द वे हेलरच्या ४५, ४६ आणि ४७ या तीन संचांत ४७ सगळ्यात सोपा आहे, आकडा मोठा म्हणून घाबरू नका, ओपसचा नंबर हा छपाईचा क्रम असतो, त्याचा अवघडपणाशी काही संबंध नाही.

शार्प-फ्लॅट किती आहेत यावरून घाबरण्याबद्दल पण बोलायला हवं. रायनहोल्ड ग्लिएरचा ओपस ४३ मधला पहिला प्रेल्यूड डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, पाच फ्लॅट, मुलं बघूनच नको म्हणतात. पण हाताचा आकार बघा, लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा पांढऱ्यावर हे नैसर्गिक आहे, शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना स्केल शिकवायला सी मेजरने नाही तर बी मेजरने सुरुवात करायचा ते याचसाठी. म्हणून मी दोन आकडे वेगवेगळे लिहिते, एक वाचायची लेव्हल आणि एक हाताची लेव्हल. ग्लिएरसारख्या पीसमध्ये वाचन अवघड, हात मध्यम. ज्या मुलाचं साइट रीडिंग (नोटेशन बघून लगेच वाजवणं) कच्चं आहे पण कान चांगला आहे त्याला बार बार करून शिकवलं की तो असा पीस उचलतो. उलट १८ व्या शतकातलं बरंच संगीत, उदाहरणार्थ ट्युर्कचे छोटे छोटे हँडश्टुक (शिकणाऱ्यांसाठीचे पीस), १७९२ आणि १७९५ चे, वाचायला एकदम स्वच्छ, दोन ओळी, पण प्रत्येक नोट उघडी पडते, पेडलमागे लपता येत नाही, ऑर्नमेंट (सजावटीच्या झटपट नोट्स) आले की हात अडखळतो. पहिली ते तिसरीसाठी ट्युर्क म्हणजे खजिना आहे आणि आपल्याकडे फार कमी जण देतात.

ऑर्नमेंटबद्दल एक. बरोक किंवा त्या काळातल्या पीसमध्ये सगळे ट्रिल आणि मॉर्डंट काढून टाकून वाजवून बघा. पीस तरीही उभा राहतोय तर खालच्या ग्रेडला देऊन थोडेच ऑर्नमेंट ठेवता येतील. चालच त्यांच्यावर उभी असेल तर मग ग्रेड एक-दोनने वाढवा.

आता कान आणि ताल. स्ट्राविन्स्कीचे पाच बोटांसाठीचे आठ पीस आहेत, १९२१ चे, उजव्या हाताची बोटं बहुतेक एकाच जागी, हाताच्या हिशोबाने पहिली ग्रेड. पण मुलाच्या कानाला ते ओळखीचं वाटत नाही, चूक वाजली तरी त्याला कळत नाही की चूक झाली, आणि त्यामुळे घरी सराव करताना चूक पक्की होते. ज्या संगीतात मुलगा स्वतःची चूक स्वतः ऐकू शकत नाही ते एक ग्रेड वर धरायचं असा माझा नियम आहे. बार्टोकच्या मिक्रोकॉस्मॉसला पण हेच लागू, पण तिथे आपल्याकडच्या मुलांचा एक फायदा आहे. त्यातल्या १५३ पीसपैकी नंबर ११३ हा ७/८ चा बल्गेरियन रिदम आहे, ११५ हा ५/८ चा, युरोपियन पद्धतीने शिकलेली मुलं इथे अडतात, पण ज्याने दोन वर्षं तबला केलाय, रूपकच्या ७ मात्रा हातावर मोजल्यात, झपताल केलाय, त्याला सात आणि पाच मोजायची भीतीच नसते, फक्त विभाग कसे पाडलेत ते दाखवायचं. म्हणजे तोच पीस दोन मुलांसाठी दोन वेगळ्या ग्रेडचा होऊ शकतो. टू अगेन्स्ट थ्री (एका हातात दोन नोट्स, तेवढ्याच वेळात दुसऱ्या हातात तीन) मात्र सगळ्यांना सारखंच अवघड जातं, ते एका बारपुरतं असेल तर चालवून घ्या, पानभर असेल तर सहावीच्या खाली देऊ नका.

हाताचा आकार. एक पांढरी पट्टी साधारण २३.५ मिलीमीटर रुंद असते, म्हणजे ऑक्टेव्हसाठी (सा ते वरचा सा एकदम) मधोमध ते मधोमध साधारण साडेसोळा सेंटीमीटर ताण लागतो, आणि नऊ-दहा वर्षांच्या बऱ्याच मुलांना तो आरामात जात नाही. पीसमध्ये ऑक्टेव्ह आहे का एवढंच बघून थांबू नका, कसा आहे ते बघा. एकटा ऑक्टेव्ह शेवटच्या कॉर्डमध्ये असेल तर एक नोट सोडून देता येते, मोडून वाजवला जात असेल तर मनगट फिरवून जमतो, पण सलग ऑक्टेव्ह किंवा आत भरलेली चार नोटांची कॉर्ड आली की तो पीस त्या मुलासाठी बंद, ग्रेड कितीही असो. लहान हाताच्या मुलाला ताणून वाजवायला लावणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. हा निकष ग्रेडमध्ये मिसळू नका, वेगळा लिहा, कारण दोन वर्षांनी हात वाढतो आणि पीस उघडतो.

आपल्याकडचा अजून एक प्रश्न, ज्याचा उल्लेख परदेशी गाईडमध्ये मिळणार नाही. मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी निम्मी मुलं तरी घरी ६१ कीच्या कीबोर्डवर सराव करतात. त्यात मिडल सीच्या खाली दोन ऑक्टेव्ह आणि वर तीन, बस. म्हणून पीसमधली सगळ्यात खालची नोट शोधा. बेस क्लेफच्या पाच रेघांखाली दुसऱ्या लेजर लाइनवरचा (जादा छोट्या रेघेवरचा) सी ही त्या कीबोर्डची शेवटची पट्टी, त्याच्याखाली गेलं की मुलगा घरी तो बार वाजवूच शकणार नाही. पट्ट्या वजनदार नसतील तर आरिएटासारखं थर वेगळे काढायचं काम घरी होणारच नाही, क्लासमध्ये आठवड्यातून एकदा पियानो मिळाला तर तेवढ्यात ते शिकून होत नाही. पेडल नसेल किंवा ते प्लास्टिकचं ऑन-ऑफ असेल तर ग्लिएर, मेल बोनिस, उशिराचं फ्रेंच संगीत हे सगळं थांबवा आणि ट्युर्क, गुर्लिट, चिमारोझाचे छोटे सोनाटा असं बोटांवर चालणारं द्या. मुलाचं वाद्य काय आहे हे विचारल्याशिवाय लेव्हल ठरवण्यात अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं.

आता तुलना. हे सगळं बघून झालं की तुमच्या मनात एक शिडी हवी, म्हणजे प्रत्येक ग्रेडचे दोन-तीन पीस जे तुम्ही इतक्या मुलांना शिकवलेत की ते कुठे अडतात हे तुम्हाला झोपेत पण सांगता येईल. माझी साधारण अशी आहे. अॅना माग्डालेनाच्या वहीतला जी मेजर मिन्युएट, जो खरंतर पेट्झोल्डचा आहे, पहिली-दुसरी. क्लेमेंटी ओपस ३६ नंबर १ चा पहिला भाग आणि अरबेस्क, तिसरीच्या आजूबाजूला. शोपँचा तो मृत्यूनंतर छापलेला ए मायनर वॉल्ट्झ, चौथी-पाचवी. फ्युर एलीझ पूर्ण, मधल्या भागांसकट, पाचवी. बाखच्या १५ इन्व्हेन्शनमधल्या सोप्या, पाचवी ते सहावी. के. ५४५ सहावी. शूबर्टचा ओपस ९० नंबर २ इम्प्रॉम्प्टू आठवी. तुमची शिडी वेगळी असेल, असायलाच हवी, पण ती असायला हवी. मग अनोळखी पीसची ती अवघड जागा घ्या आणि स्वतःला विचारा की ज्या मुलाला अरबेस्कमधला डाव्या हाताचा भाग जमला त्याला हे जमेल का. नाही, थोडं वर आहे. मग ज्याला फ्युर एलीझच्या मधल्या भागातल्या डाव्या हाताच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोट्स जमल्या त्याला? हो, सहज. म्हणजे चौथी. दोन पीसच्या मधे पकडलं की काम झालं. यात सारखी गोष्ट सारख्या गोष्टीशी लावायची, दोन स्वतंत्र आवाजांचा पीस इन्व्हेन्शनशी, गाणं आणि साथ असलेला पीस वॉल्ट्झशी. बाखसारखा पीस वॉल्ट्झशी लावलात तर उत्तर चुकीचं येणार.

बाहेरची मदत घ्या की, पण आकडे समजून घ्या. हेन्लेचं जर्मन प्रकाशन आपल्या पीसना १ ते ९ आकडे देतं, १ ते ३ सोपे, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ अवघड, आणि ते एबीआरएसएमच्या ग्रेड नाहीत, हेन्ले ५ बघून पाचवीच्या मुलाला पीस दिला तर गडबड होईल कारण तो आकडा बीथोव्हेन-ब्राम्सच्या सगळ्यात अवघड कामांपर्यंतच्या पूर्ण पल्ल्यात बसवलेला आहे. टोरंटोच्या आरसीएमच्या (रॉयल कन्झर्व्हेटरी, कॅनडाचं परीक्षा बोर्ड) लेव्हल १० पर्यंत जातात, त्यांची वाटणी पण वेगळी. जेन मॅग्राथचं १९९५ चं गाईड आहे, त्यात पण १० लेव्हल, आणि शिकवायच्या कमी माहीत असलेल्या साहित्यासाठी ते फार उपयोगी पडतं. सगळ्यात खात्रीचा रस्ता मात्र वेगळा आहे. तुमचा पीस कुठल्याच सिलॅबसमध्ये नसला तरी त्याच संचातला भाऊ बऱ्याचदा असतो. एमी बीचच्या ओपस २५ किंवा ३६ मधला, ग्रेचानिनोवच्या ओपस ९८ किंवा १२३ मधला, मायकापारच्या ओपस २८ मधला, शामिनादच्या ओपस १२३ किंवा १२६ मधला एखादा पीस जुन्या एबीआरएसएम, ट्रिनिटी (लंडनचंच दुसरं बोर्ड) किंवा आरसीएमच्या यादीत आहे का ते शोधा. सापडला की दोघं शेजारी ठेवा. जुने सिलॅबस आणि जुनी ग्रेडची पुस्तकं फेकू नका, मुंबईत फर्टाडोजमध्ये किंवा सीनियर टीचरच्या कपाटात मिळतात, त्यांचा खरा उपयोग हाच. व्हिडिओच्या खाली लोक जी ग्रेड लिहितात ती मात्र सोडून द्या, मुलगा छान वाजवतोय म्हणजे पीस सोपा असं धरलेलं असतं.

आवृत्ती पण लेव्हल बदलते, हे विसरलं जातं. आयएमएसएलपीवरचे जुने स्कॅन बारीक छपाईचे, कधी फिंगरिंग भरपूर पण मोठ्या हाताचं, कधी संपादकाने स्वतःचे स्लर आणि पेडल घातलेले. फिंगरिंग नसलेली स्वच्छ आवृत्ती लहान मुलासाठी अर्धी ग्रेड अवघड होते, पण तुम्ही तपासणी करताना फिंगरिंग लिहिलेलंच आहे, तीच कॉपी द्या. कॉपीराइटचं पण बघून घ्या, भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, ग्रेचानिनोव आणि ग्लिएर दोघंही १९५६ मध्ये गेले त्यामुळे ते मोकळे आहेत, काबालेव्हस्की १९८७ मध्ये गेला, तो विकतच घ्यायचा.

लांबी शेवटी बघा. एका पानाचा चौथीचा पीस आणि त्याच अवघडपणाचा पाच पानांचा पीस सारखे नाहीत, लक्ष आणि दम दोन्ही लागतात, पाठ करायला तर फारच. पण भाग परत परत येत असतील, वॉल्ट्झ किंवा रोंडोसारखं, तर पानं मोजू नका, वेगळे बार किती आहेत ते मोजा. बऱ्याचदा पाच पानांत दोनच पानांचं नवीन काम निघतं.

इतकं झालं की कागदावर एक आकडा लिहू नका, पल्ला लिहा आणि कारण लिहा. उदाहरणार्थ, हात ३, वाचन ४, अवघड जागा दुसऱ्या पानाची तिसरी ओळ, ऑक्टेव्ह नाही, ६१ कीवर चालेल, पेडल हवं. माझ्याकडे अशी वही आहे आणि दोन वर्षांनी दुसऱ्या मुलासाठी पीस शोधताना ती एका मिनिटात उत्तर देते. मुलाला शिकवून झाल्यावर त्यातच लिहायचं की प्रत्यक्षात किती आठवडे लागले आणि कुठे अडलं, बऱ्याचदा आपण ज्या जागेला अवघड म्हटलं ती सहज होते आणि भलतीकडेच, एखाद्या साध्या दिसणाऱ्या विरामाच्या बारमध्ये, मुलगा अडतो.

आणि पूर्ण पीस द्यायच्या आधी मुलाकडून तपासून घ्या. त्याला पीस ऐकवा, आवडला तर फक्त ती अवघड जागा द्या, चार ते आठ बार, हात वेगवेगळे, एक आठवडा. पुढच्या क्लासला हात वेगवेगळे निम्म्या वेगाने न थांबता आले तर पीस त्याच्या लेव्हलचा आहे, बिनधास्त द्या. हात वेगळे येतायत पण एकत्र आणले की कोसळतंय तर अजून एक आठवडा द्या, त्यात सुधारणा दिसली तर पीस त्याला ताणणारा आहे, परीक्षेसाठी नको पण शिकण्यासाठी उत्तम. आणि आठवड्यानंतर एक हात सुद्धा वाचून होत नसेल तर तो पीस फाइलमध्ये परत ठेवा, मुलाला सांगा की हा तुझ्यासाठी पुढच्या वर्षी राखून ठेवलाय, आणि त्याच संगीतकाराचा खालच्या लेव्हलचा दुसरा पीस त्याच दिवशी हातात द्या, म्हणजे तो रिकाम्या हाताने घरी जात नाही. परीक्षेत चौथा पीस म्हणून द्यायचा असेल तर अजून थोडी काळजी, अंदाज ४ ते ५ असा निघाला असेल तर तो पाचवीच्या परीक्षेला नेऊ नका, चौथीला न्या, आणि पाचवीसाठी असा शोधा ज्याच्या लेव्हलबद्दल तुमच्या मनात शंका नाही.